मार्कोल्फवरचा आळ

जानेवारीत तोडलेल्या एका ओकची फांदी वर दुसऱ्या झाडात अडकून राहिली होती, ती सुटून किलियानच्या पायावर आली. श्पेसार्टच्या रानात तीस वर्षं करवत चालवलेला माणूस. गावात कुणाला वाटलं नव्हतं की झाड त्याला गाठेल. शहरातल्या इस्पितळात डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. ईस्टरच्या आठवड्यात त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने, बुर्कार्टने, त्याला पाठुंगळीला घेऊन पायऱ्या चढवल्या, आणि लिओबाने खालच्याच खोलीत खिडकीजवळ त्याचा पलंग लावला.

पाय गेला त्याचं दुःख तिने मनाशी कसंबसं पचवलं होतं. त्याचं बोलणं गेलं, ते मात्र तिला पचेना. अपघात झाल्यापासून किलियान तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता. सूप दिलं की पिणार, कूस बदलायला हात दिला की घेणार, काही विचारलं की "हं." लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात बोलणारी माणसं दोनच, त्यातलं एक गप्प झाल्यावर उरलेल्याने भिंतींशी बोलायचं की काय? लिओबा भांड्यांशी बोलायची, कोंबड्यांशी बोलायची, मिंका नावाच्या करड्या मांजरीशी तर तासन्‌तास बोलायची.

मग एप्रिलच्या शेवटी खिडकीसमोरच्या लाकडांच्या छपरात थिरथिऱ्याच्या जोडप्याने घरटं केलं. छपराच्या आडव्या वाशावर, पलंगावरून अगदी समोर दिसेल असं. काळसर नर, मातकट मादी, दोघांच्या शेपट्या विटकरी आणि सतत थरथरत असलेल्या. किलियान दिवसभर त्यांच्याकडे बघत राहायला लागला. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "मांजर कोंड." घरी आल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य. लिओबाला इतका आनंद झाला की तिने त्याच घटकेला मिंकाला उचललं आणि अंगणाच्या कडेच्या धुण्याच्या खोलीत टाकून बाहेरून कडी घातली.

पण त्यानंतर जे होऊ लागलं त्याची तिने अपेक्षा केली नव्हती. किलियान बोलायला लागला, पण तिच्याशी नाही. स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता तिला दाराआडून ऐकू यायचं, "आलीस का गं? काय आणलंस? कोळी? अरे वा! आणि हा तुझा नवरा नुसता छपरावर बसून शेपूट हलवतोय होय? आळशी मेला." इतका मऊ आवाज तिने लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर ऐकला नव्हता. ती हातातली सुरी खाली ठेवून ऐकत राहायची. खोलीत गेली की तो आवाज बंद व्हायचा. "सूप आणलंय." "हं."

मे महिन्यात घरट्यात चार पिल्लं निघाली. मिंका अठरा दिवस कोंडलेली होती आणि रात्रंदिवस रडत होती.

त्या बुधवारी गावच्या सामाईक भट्टीचा दिवस होता. लिओबा पहाटेपासून कणीक मळत होती. मध्येच उठून तिने धुतलेल्या चादरी अंगणातल्या दोरीवर टाकल्या, पुन्हा कणकेपाशी आली. आणि तेवढ्यात हाक आली.

"लिओबा! लिओबा, लवकर ये!"

तिचं नाव. चार महिन्यांनी तिचं नाव! कणकेने भरलेल्या हातांनी ती धावली, वाटेत स्टुलाला ठेचकाळली. किलियान उशीवर उठून बसला होता, चेहरा लाल झाला होता.

"काय झालं? काय हवंय?"

"त्या चादरी काढ तिथून," तो म्हणाला. "तुझ्या चादरी फडफडतायत म्हणून मादी आत येत नाहीये. पिल्लं उपाशी आहेत. आणि तूही खिडकीपासून बाजूला हो, घाबरते ती तुला."

लिओबा बाजूला झाली. बाहेर जाऊन तिने चादरी काढल्या, ओल्याच टोपलीत कोंबल्या. मग मिंकाला दूध द्यायला धुण्याच्या खोलीत गेली. मांजर पायांत घोटाळली, दूध प्यायली, मान वर करून तिच्याकडे पाहिलं. लिओबा बाहेर आली, दार ओढलं, आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मग हात काढून घेतला, पावांची टोपली डोक्यावर घेतली आणि भट्टीकडे निघून गेली. कडी तशीच लोंबत राहिली.

दोन तासांनी गरम पाव घेऊन परतताना तिला लांबूनच तो आवाज ऐकू आला. जाड कापड टरकन फाडावं तसा, पुन्हा पुन्हा. आमच्याकडे हा आवाज शेंबड्या पोरालाही कळतो. तो मार्कोल्फ. पुस्तकात त्याचं इंग्रजी नाव 'जे'. कावळ्याच्याच कुळातला, अंग फिक्या विटकरी रंगाचं, मिश्या असल्यासारखे काळे पट्टे, पंखाच्या कडेला बोटभर निळी पिसं. एरवी लाजरा, त्यातून मे महिन्यात घरटं असताना तर तोंडातून ब्र काढत नाही. पण रानात कोल्हा दिसो, ससाणा दिसो, शिकारी दिसो, पहिली बोंब याचीच. जुनी माणसं म्हणतात, मार्कोल्फ म्हणजे रानाच्या वेशीवरचा राखणदार.

अंगणातल्या नासपतीच्या झाडावर, हात पोचेल इतक्या खालच्या फांदीवर, तो तुरा उभारून ओरडत होता. आणि त्याच्या बरोबर खाली, लाकडांच्या ढिगावर मिंका बसली होती, मिशा चाटत. वाशावरचं घरटं उलटून लोंबत होतं.

लिओबाने टोपली टाकली. मांजरीला मानगुटीला धरून धुण्याच्या खोलीत फेकलं. कडी घातली, घट्ट, दोनदा चाचपून पाहिली. एवढं सगळं आधी केलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

"लिओबा!" आतून किलियान ओरडला. गोळी घेऊन त्याला डुलकी लागली होती, त्या किंकाळ्यांनी जाग आली होती. तो खिडकीच्या चौकटीला धरून अर्धा उठला होता. "खाल्ली! मार्कोल्फने खाल्ली पिल्लं! बघ तो, बघ, वर बसून ओरडतोय, चोराच्या उलट्या बोंबा! पाहिलास ना तू?"

तिच्या तोंडात जीभ होती. "मांजर सुटली" एवढे दोनच शब्द लागत होते.

"हो," ती म्हणाली. "पाहिला."

संध्याकाळी बुर्कार्ट आला. तो रानाचा राखणदार होता. वीस वर्षं बंदूक खांद्याला, आणि त्या वीस वर्षांत बिनकामाची एक गोळी त्याने झाडली नव्हती. किलियानने त्याला पलंगावर बसवून सगळं सांगितलं, हातवारे करत. बुर्कार्टने बोलणाऱ्या भावाकडे पाहिलं, मग लिओबाकडे पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गोळी घाल त्याला," किलियान म्हणाला.

"अरे, मे महिना आहे. त्याचंही घरटं असेल कुठेतरी. मार्कोल्फ पाखरांची पिल्लं खातो, त्यात नवीन काय? थंडीत बघू."

"मी थंडीपर्यंत इथे पडून त्याचा आवाज ऐकू? एवढं एक काम करत नाहीस माझं?"

बुर्कार्टने डोकं खाजवलं. "वहिनी, तू नक्की पाहिलंस ना? त्यानेच ना?"

आता परत फिरायची वेळ होती. पण एकदा घसरलेल्या पायाला उतार सापडतोच. "त्यानेच," लिओबा म्हणाली. आणि कुणी विचारलं नसताना पुढे म्हणाली, "चोचीत पिल्लू होतं त्याच्या."

शनिवारी सकाळी ती कोंबड्यांना दाणे टाकत असताना रानाच्या कडेने एक बार ऐकू आला. एकच. कोंबड्या क्षणभर थांबल्या आणि पुन्हा टिपायला लागल्या. दुपारी बुर्कार्ट आला, नीट बोलला नाही, टेबलावर कागदाची पुडी ठेवली. "नर होता," एवढं म्हणाला आणि साधा सायडरचा पेलाही न घेता गेला. पुडीत निळी पिसं होती, बारीक काळ्या-पांढऱ्या रेघांची. किलियानने ती आपल्या हिरव्या टोपीच्या पट्टीत खोचली, टोपी पलंगाच्या खांबाला अडकवली. मग म्हणाला, "कुबड्या दे. आज टेबलावर जेवतो."

तो टेबलावर आला. धापा टाकत, घामाघूम होत, पण आला. बटाट्याचं सूप चमच्याने ढवळलं, चव घेतली, आणि बायकोकडे बघून म्हणाला, "छान झालंय."

या दोन शब्दांसाठी लिओबा चार महिने तळमळली होती. आणि ते आले तेव्हा तिने आपला चमचा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ती रानाच्या कडेने घरी येत होती. अचानक झाडीतून मांजरीचं रडणं आलं. मिंकाचंच, तेच लांबट, दीनवाणं. पुन्हा कडी राहिली? पण नाही, कडी तिने सकाळीच तीनदा पाहिली होती. ती झाडीत शिरली. मांजर कुठेच नव्हती. आयव्हीने वेढलेल्या एका तरण्या ओकवर, दोन पुरुष उंचीवर, खोडाला चिकटून काटक्यांचं घरटं होतं, आणि जवळच्या फांदीवर मार्कोल्फची मादी बसून मांजरीचा आवाज काढत होती. हे पक्षी नकला करतात, ससाण्याची, मांजरीची, करवतीचीसुद्धा. लिओबाला ते लहानपणापासून माहीत होतं. अठरा दिवस मिंका रडत होती, ते या पाखरांनी इथे बसून ऐकलं होतं.

मादी तिला पाहून गुपचूप उडाली. लिओबाने बूट काढले, रविवारचा झगा वर खोचला आणि पन्नाशीच्या वयात ती आयव्हीला धरून चढली. घरट्यात चार पिल्लं होती, निम्मी उघडी, निम्मी पिसांच्या खुंटांची. तीन चोची उघडल्या. चौथं पिल्लू गार पडलं होतं.

नर मेला की मादीला एकटीला चारा आणावा लागतो; चारा आणायला गेली की पिल्लं उघडी पडतात, थंड होतात. हे समजायला काही शिकावं लागत नाही. लिओबा खाली उतरली, गवतात बसली आणि तिथेच रडली.

पुढच्या शनिवारी ती कन्फेशनला गेली. फादर ओट्टमार म्हातारे होते, जाळीपलीकडे त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायचा. तिने सगळं सांगितलं. मांजर, खोटं, गोळी, पिल्लं.

"पक्षी," फादर म्हणाले. आवाजात हसू होतं. "पोरी, इथे माणसं काय काय घेऊन येतात. पक्ष्यासाठी तीन प्रार्थना म्हण."

"फादर, नुसत्या पक्ष्याचं नाही हो. मी दोनदा खोटं बोलले. मग तिसऱ्यांदा त्यात पदरचंही घातलं."

पलीकडचं हसू थांबलं. "कुणाशी?"

"नवऱ्याशी. दिराशी."

"मग त्यांना सांग. मला सांगणं सोपं आहे. मी काही रोज तुझ्यासमोर जेवायला बसत नाही."

ती "हो फादर" म्हणाली आणि घरी येऊन काही बोलली नाही. किलियान आता रोज टेबलावर येत होता. हवेबद्दल बोलत होता, बुर्कार्ट फिरकला कसा नाही याबद्दल बोलत होता. एकदा तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "तुझे फार हाल झाले गं माझ्यापायी." कसं सांगणार? हे सगळं त्या टोपीतल्या पिसांवर उभं होतं. पिसं काढली तर सगळंच खाली येईल, असं तिला वाटायचं, आणि मग वाटायचं, म्हणजे याच्यासाठीच लपवतेयस ना? तुझ्याच सुखासाठी. मन असं खात राहायचं.

ती एकच करू शकत होती, आणि ते तिने पहिल्या सोमवारपासूनच सुरू केलं होतं. त्या वर्षी भुंगेरे उदंड होते. पहाटेच्या गारव्यात ते पानांना चिकटून बधिर असतात. झुडूप हलवलं की टपाटप पडतात. लिओबा उजाडता उजाडता एप्रन पसरून हेझलची झुडपं हलवायची, बटाट्याच्या वाफ्यातून हुमणी उकरायची, आणि सगळं नेऊन त्या ओकपासून दहा पावलांवरच्या एका बुंध्यावर ठेवायची. मग लांब जाऊन बसायची. दोन दिवस मादी आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. बुंध्यावर उतरली, मान तिरकी करून पाहिलं, आणि भराभर गिळत गळ्याची पिशवी भरून उडाली. लिओबाने छातीवर क्रॉस काढला. त्या आठवड्यात आणखी एक पिल्लू मेलं, दोन राहिली.

"पहाटे पहाटे कुठे जातेस?" किलियानने विचारलं.

"भुंगेरे आणायला. कोंबड्यांना."

आपलं खोटं आता तिने मोजणंच सोडलं होतं.

जूनच्या पहिल्या रविवारी बुर्कार्ट अखेर आला. दोघा भावांनी सायडर ओतून घेतलं, लिओबाने पाव आणि पातळ चीज ठेवलं. दोन पेल्यांनंतर बुर्कार्ट सैलावला आणि टेबलावर थाप मारून हसला.

"काय अजब घर आहे रे हे! नवरा म्हणतो गोळी घाल, बायको म्हणते जेवू घाल! वहिनी, मी पाहिलंय तुला. तीन दिवस पाहतोय. मार्कोल्फच्या पोरांना भुंगेऱ्यांची न्याहारी! आमच्या म्हातारीने आम्हाला कधी इतकी वेळेवर दिली नव्हती."

किलियानने पेला खाली ठेवला. "काय म्हणतोय हा?"

"अरे, त्या नराचंच घरटं असणार. मादी एकटी आहे. दोन पिल्लं आहेत, आता उडतील."

किलियानचा चेहरा आवळला. त्याने बायकोकडे पाहिलंच नाही. "उडतील आणि पुढच्या वर्षी इथे येतील. घरटं सापडलंय ना तुला? मग मादीही टीप. पिल्लंही. एकदाचा निकाल लाव."

बुर्कार्टचं हसू मावळलं. "जाऊ दे ना, किलियान."

"माझ्या पिल्लांना कुणी जाऊ दिलं?"

"मांजरीने खाल्ली," लिओबा म्हणाली.

दोघेही तिच्याकडे वळले. ती उभी होती, हातात पावाची सुरी. तिने सुरी टेबलावर ठेवली, दोन्ही हात एप्रनमध्ये गुंडाळले.

"पिल्लं मिंकाने खाल्ली. मी भट्टीवरून आले तेव्हा ती ढिगावर मिशा चाटत होती. मार्कोल्फ तिच्यावरच ओरडत होता. मी मांजर कोंडली आणि तुला हो म्हणाले. चोचीत पिल्लू होतं तेही खोटं. मीच रचलं."

बाहेर रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटा वाजवत गेली.

आधी बुर्कार्ट उठला. त्याचा आवाज इतका खाली होता की लिओबाला वाटलं, त्यापेक्षा ओरडला असता तर बरं. "वीस वर्षांत घरट्यावरचा पक्षी मारला नव्हता मी. एकही नाही. तुला दोनदा विचारलं होतं." त्याने टोपी घेतली आणि गेला. दार आपटलंही नाही.

किलियानने कुबड्या ओढल्या, पलंगापाशी गेला, हिरव्या टोपीतली पिसं उपटली आणि परत येऊन तिच्या ताटाशेजारी ठेवली. "घे," म्हणाला. "तुझी आहेत ही." मग स्वतःच पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

आठ दिवस घरात शब्द नव्हता. पण हे मौन आधीच्यासारखं नव्हतं. आधी तो तिथे नसल्यासारखा असायचा; आता तो होता, आणि लिओबाला पाठीवर त्याची नजर जाणवायची. तिने पहाटेचं जाणं सोडलं नाही. आता कोंबड्यांचं नाव घ्यायचीही गरज नव्हती. नवव्या दिवशी ती त्याच्या पायाची पट्टी बदलत असताना तो बोलला.

"कडी लागली नव्हती, की लावली नव्हती?"

हा प्रश्न तिला आणखी कुणीच विचारला नव्हता, फादरनीही नाही. पट्टीचं टोक तिच्या हातातच राहिलं. विसरले म्हटलं असतं तर झालं असतं. तेवढं तर त्याने मानलंच होतं.

"लावली नव्हती."

"का?"

"तू मला हाक मारलीस त्या दिवशी. नावाने. मी धावत आले. मला वाटलं..." ती थांबली. "आणि तू म्हणालास, खिडकीपासून बाजूला हो, पाखरू घाबरतं तुला. दिवसभर त्यांच्याशी बोलायचास तू, किलियान. दाराआडून ऐकायचे मी. आणि मला हं. चार महिने नुसतं हं. मला पाहवत नव्हती ती पाखरं. मी त्यांना पाण्यात पाहत होते, देवाशपथ. कडीवर हात होता माझा, आणि मी तो काढून घेतला."

किलियानने मान वळवून छपराच्या रिकाम्या वाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी हाक मारली होती तुला?"

"आठवत नाही?"

"चादरी आठवतात," तो म्हणाला. "तू आठवत नाहीस."

हे ऐकून तिला जितकं लागलं तितकं दुसऱ्या कशानेच लागलं नव्हतं. आणि त्यालाही ते कळलं असावं, कारण त्याने हात चेहऱ्यावर धरला आणि तसाच धरून राहिला. तिने पट्टी पूर्ण बांधली, गाठ मारली.

"मी माफ केलं असं म्हणणार नाही," तो हाताआडूनच म्हणाला. "इतक्यात नाही."

"नको म्हणूस."

"पण पुन्हा मी असा गप्प झालो तर ओरड माझ्यावर. भांडी आपट. सूप डोक्यावर ओत. पण मांजर सोडू नकोस."

तिला हसू आलं आणि त्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून रानाकडे न्यायला सांगितलं. लाकडं वाहायच्या हातगाडीत गोधडी घालून तिने त्याला बसवलं, आणि उतारावरून ढकलत नेलं. जानेवारीनंतर तो पहिल्यांदाच झाडांखाली येत होता. रानाच्या तोंडाशी आल्यावर त्याने गाडीच्या कडा घट्ट धरल्या, बोटं पांढरी पडली. "थांबू?" तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

पिल्लं घरट्यातून बाहेर आली होती. आखूड शेपट्यांची, फुगलेली, एकाच फांदीवर एकमेकांना चिकटून. मादी आली, एकाच्या घशात काहीतरी कोंबलं, मग दुसऱ्याच्या. लिओबाने बुंध्यावर भुंगेरे ठेवले आणि परत गाडीपाशी आली.

"दोन?" किलियानने हळूच विचारलं.

"चार होती."

तो बघत राहिला. "या उतारावरची निम्मी झाडं यांनीच लावलीत, ठाऊक आहे? शरदात ओकची फळं पुरतात हजारोंनी, आणि सगळी थोडीच सापडतात परत. आम्ही तोडत गेलो, हे पेरत गेले. तीस वर्षांत मी कधी मान वर करून बघितलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या पायावर ज्याची फांदी पडली ते झाडही यांच्याच कुणा पणजोबाने लावलेलं असणार. बेट्यांनी सूडही आगाऊच उगवून ठेवला." तो हसला नाही, पण आवाजात जुना किलियान होता. तेवढ्यात मादीने त्यांना पाहिलं, कर्कश ओरडली, आणि पिल्लं पानांत गडप झाली. लिओबाने मुकाट्याने गाडी वळवली.

बुर्कार्ट मात्र सगळा उन्हाळा आला नाही. किलियानच्या लाकडी पायाचं माप द्यायला शहरात जायचं होतं, तेव्हाही बुर्कार्टने निरोप धाडून शेजाऱ्याची गाडी पाठवली. शेवटी ऑक्टोबरच्या जत्रेच्या आदल्या दिवशी लिओबाने आलुबुखाराचा केक केला, फडक्यात बांधला आणि रानाच्या चौकीवर स्वतः गेली. तो दारात बसून बूट घासत होता.

"बुर्कार्ट," ती म्हणाली, "मी माफी मागायला आलेय. उभ्यानेच मागते, बस म्हणू नकोस."

तो बूट घासत राहिला. मग ब्रश खाली ठेवला.

"बस, वहिनी," तो म्हणाला. "मलाही काही सांगायचंय, आणि ते उभ्याने जमणार नाही."

ती बाकाच्या टोकाला बसली.

"त्या सकाळी तो माझ्यापासून वीस पावलांवर होता. गळ्याची पिशवी सुरवंटांनी अशी फुगलेली होती. म्हणजे घरट्याकडे निघाला होता. तुझ्यावर माझा विश्वास होता, पण त्या पिशवीवर डोळे होते ना माझे? मला कळलं होतं, घरी पिल्लं आहेत. तरी घोडा दाबला. भावाने चार महिन्यांनी तोंड उघडून काहीतरी मागितलं होतं. त्याला नाही म्हणायची छाती झाली नाही. आणि मग तुझं खोटं कळल्यावर मी सगळं तुझ्यावर ढकललं. बरं वाटलं मला त्या दिवशी, खरं सांगतो. सुटल्यासारखं."

लिओबाने फडक्याची गाठ बोटांनी चाचपली. वाटा उचलला म्हणून ओझं हलकं होतं असं म्हणतात. तिचं काही झालं नाही. पण पाच महिन्यांत पहिल्यांदाच तिला वाटलं की या सगळ्यात आपण एकट्या नाही.

तिने फडकं सोडलं. बुर्कार्टने खिशातल्या चाकूने केकचे दोन मोठे तुकडे केले, एक तिला दिला, आणि चाकू पँटला पुसत विचारलं, "किलियानचा नवा पाय कसा आहे?"

"करकरतो," ती म्हणाली. "दिवसभर त्याला शिव्या घालत असतो."

"म्हणजे बोलतो."

"बोलतो. इतकं बोलतो की कधी कधी मीच म्हणते, हं."

बुर्कार्टने मान डोलावली, तोंडातला घास संपवला आणि म्हणाला, "उद्या जत्रेला त्याला न्यायला येतो मी. तयार ठेव."